खणाखालची चोरी

१

खण उलगडला तेव्हा आत नारळ होता, विडा होता, अक्षता होत्या आणि पासपोर्ट मात्र एकच होता.

वैष्णवीने नारळ उचलून खाली बघितलं. मग विड्याची पानं एकेक करून उलटली, जणू पासपोर्ट सुपारीसारखा पानात जाऊन बसला असेल. हातातल्या पासपोर्टच्या निळ्या कव्हरावर मधोमध कुंकू सांडलेलं होतं. तिने ते ओढणीने झटकलं, आतला फोटो पाहिला. तिचाच.

"सानवीचा कुठाय?"

प्रश्न तिने हवेला विचारला होता. पण सासूबाईंनी, म्हणजे यमुनाबाईंनी, मान वळवली ती थेट दाराकडे. दारात त्यांची थोरली सून राही चहाचा कप घेऊन उभी होती.

राही जळते, हे मांडवीत भरती-ओहोटीइतकंच सगळ्यांना ठाऊक होतं. धाकटा दीर नितेश अमेरिकेत स्वयंपाकी. त्याच्या कंपनीने त्याच्यावर खूश होऊन बायको-मुलीलाही व्हिसा दिला, म्हणून सासूबाईंनी आळीभर पेढे वाटले होते. तेव्हापासून वैष्णवीच्या खोलीत एकेक नवी वस्तू यायला लागली. जांभळी चाकांची बॅग आली. पाठोपाठ स्वेटर आले. रत्नागिरीत स्वेटर! राहीने ते हाताळून बघितले, "छान आहेत हो" म्हणाली, आणि त्या दिवशी आमटीत मीठ घालायचं विसरली.

आणि सानवी? ती पाच वर्षांची असताना नितेश गेला, वैष्णवी बँकेत नोकरीला लागली, आणि पोर वाढली राहीच्या हाताखाली. राहीला स्वतःचं मूल नव्हतं. सानवी तिला 'मोठी आई' म्हणे. त्यातल्या 'मोठी'वर राही थोडा जास्तच जोर देऊन ऐके.

"वहिनी," वैष्णवीचा आवाज चिरकला, "उद्या पहाटे गाडी सांगितलीय. परवा मुंबईला अमेरिकन वकिलातीत मुलाखत, आणि ती झाली की तिथूनच विमान. ही तारीख मिळायला किती वर्षं गेली, तुम्हाला माहितीय. रविवारी आम्ही सगळे देवळात गेलो, तुम्ही तेवढ्या घरी राहिलात. आणि काल हा खण कपाटावर होता, मी बँकेत होते, तेव्हाही घरी तुम्हीच."

"बाहेरची होते म्हणून घरी होते," राही म्हणाली. "हौस म्हणून नव्हे."

"मी काही आरोप करत नाही."

"मग हे काय, आरती करत्येस?"

"राही!" यमुनाबाई कडाडल्या. "पोरीत तुझा जीव अडकलाय, ते कळतं आम्हाला. पण असला जळकेपणा बरा नाय गो. असेल तर दे टाकून."

राहीने नवऱ्याकडे बघितलं. गुरुप्रसाद ओटीवर चपला घालत होता. बंदरावर होड्यांना बर्फ पोचवायचा त्याचा टेम्पो होता. माणूस इतका सौम्य, की त्याच्या तोंडून कुणी शिवी ऐकली नव्हती.

"नाय घ्यायची ती," तो हळू आवाजात म्हणाला. मग जरा थांबून, "आणि घेतला असेल तर देईल. नको ओरडू, आई."

सगळ्यांच्या बोलण्यातलं राहीला काही लागलं नाही. पण ते 'घेतला असेल तर' माशाच्या काट्यासारखं घशात अडकलं.

तिने कप खाली ठेवला. "संध्याकाळपर्यंत थांबा. कुणी घेतला ते मी काढत्ये. नाही निघाला, तर खुशाल माझं नाव घेऊन पोलिसात जा."

"पोलीस" म्हटल्याबरोबर वैष्णवीचा चेहरा पांढराफटक पडला.

चोरी जिच्या घरी झाली, तिलाच पोलिसांची भीती का वाटावी?

२

राहीला मत्सराची विद्या कुणी शिकवायला नको होती. कुठल्याही विषयात वर्षानुवर्षं डोकं घातलं की माणूस त्यात तयार होतो. वैष्णवीचं अमेरिकेला जाणं कसं मोडेल, याचे मनातल्या मनात तिने किती बेत केले होते! व्हिसा उडाला, विमान चुकलं, बॅग समुद्रात पडली. पण त्या सगळ्या बेतांत एकदाही सानवीचा पासपोर्ट आला नव्हता. जळणाऱ्या माणसाने वैष्णवीचा घेतला असता. इथे तिचा सोडून पोरीचा नेला होता.

म्हणजे ज्याने हे केलं त्याला वैष्णवी गेली तर चालणार होती. पोर जायला नको होती.

'ते तर माझंच वर्णन झालं,' राहीच्या मनात आलं, आणि ती जराशी घाबरली.

माजघरात वैष्णवी उशा उलटत होती. राहीने दार लोटून घेतलं.

"पोलिसात का जात नाहीस?"

"नको."

"का नको?"

"विचारतील कसला व्हिसा. तक्रारीत लिहावं लागेल. मग आळीत होईल."

"कंपनीचा व्हिसा. आळीत तर पेढे खाऊन झालेत."

वैष्णवी पलंगावर बसली.

"कंपनी नाहीच आहे, वहिनी. हॉटेल होतं. उतरल्या दिवशीच मालकाने यांचा पासपोर्ट काढून घेतला. तळघरात झोपवायचा, बाहेरून कुलूप. पगार मागितला की मारायचा. एकदा कढईतलं तेल ओतलं हातावर."

राही उभी होती ती खाली बसली.

"एक दिवस कचरा टाकायला म्हणून वर आले ते सरळ पोलिसांत. व्हिसा संपलेला, इंग्रजी तोडकंमोडकं. वाटलं होतं हातात बेड्याच पडणार. पण तिकडे कायदा आहे. असा गुन्हा ज्याच्यावर झाला, आणि ज्याने तपासात पोलिसांना मदत केली, त्याला राहू देतात. पोलिसांनी सही करून द्यावं लागतं, की याने खरोखर मदत केली. यांनी कोर्टात त्या माणसासमोर उभं राहून साक्ष दिली. मग वर्षानुवर्षं रांग. त्याच व्हिसावर आता आम्हाला नेता येतंय."

"आईंनाही नेता येईल?"

"आई नाही, भाऊ नाही. बायको आणि मूल, तेवढंच."

"मग पेढे?"

"काय सांगू त्यांना? तुमचा मुलगा मार खाऊन अमेरिकेत राहिला? कंपनी म्हटलं, त्यांनी पेढे आणले."

चार पेढे राहीनेही खाल्ले होते, रागाने. जळत होती ती इथे, आणि भाजला होता तो तिकडे.

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"फक्त गुरुप्रसाददादांना. यांनीच फोन करून सांगितलं. म्हणाले, घरात एक तरी पुरुष माणूस जाणून असू दे."

म्हणजे ओटीवरच्या त्या कुजबुजी! राही भांडी घासून आली की गुरुप्रसाद आणि वैष्णवी एकदम पावसापाण्याचं बोलायला लागायचे. राहीने त्यावरून भलभलतं मनात आणलं होतं. आता सुटकेचा श्वास टाकायला हवा होता. पण टाकता टाकता वाटलं, बायकोला नाही सांगितलं ते नाहीच.

"बरं, ताट कसं भरलंस ते सांग. रविवारचं, देवीला नेलेलं."

"नेहमीसारखं. नारळ, विडा, आणि बाजूला पासपोर्ट. खाली माझा, त्यावर बरोब्बर सानवीचा. म्हटलं, देवीची नजर आधी लेकीवर पडू दे. खणाने झाकून दादांच्या हातात दिलं. कर्ता पुरुष, गाऱ्हाणं तेच घालणार ना. देवळात आप्पा गुरवांनी खण बांधून परत दिला, तो मी तसाच कपाटावर ठेवला."

"उघडून नाही बघितलास?"

"बॅग भरायच्या वेळेपर्यंत देवीपुढची गाठ सोडायची नसते. तुम्हीच शिकवलंत मला."

ते खरं होतं. राहीला तिच्या सासूने, सासूला तिच्या सासूने. देवीकडून आलेलं मोजून घेणं म्हणजे देवीवर संशय. दोन दिवस ते गाठोडं घरात होतं, आणि आत काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं.

बाहेर कुणीतरी हुंदका दाबला. राहीने झटकन दार उघडलं.

दाराला कान लावून सानवी उभी होती.

३

"किती ऐकलंस?"

"काही नाही. 'गाठ सोडायची नसते' एवढंच."

राहीने तिला परसातल्या धुण्याच्या पाथरीवर नेऊन बसवलं. तेरा वर्षांची पोर, नाक लाल झालेलं. राहीच्या मनात एक लबाड आशा डोकावली. पोरीनेच लपवला असेल तर? मोठ्या आईला सोडून जायचं नाही म्हणून?

"खरं सांग हां. जायचं नाहीये तुला?"

"जायचंय!" सानवी जवळजवळ ओरडली. "मला पप्पांना बघायचंय. फोनवर ते सारखे फुल बाह्यांचाच शर्ट घालतात. तिकडे उन्हाळा असला तरी. मी विचारलं तर विषय बदलतात. मला जाऊन बघायचंय, मोठी आई. तू घेतलायस का? असशील तर मी तुझ्यावर रागावणार नाही."

'रागावणार नाही' म्हणणाऱ्या माणसाचं तोंड किती रागावलेलं असतं, ते राहीने बघून घेतलं. आशा तर गेलीच. वर पोरीच्या लेखीही आपण चोर, हे कळलं.

"नाही घेतला गो," ती म्हणाली. "पण आता शोधल्याशिवाय पाणी पिणार नाही."

यमुनाबाई पडवीत कोकमाची सोलं वाळत घालत होत्या. राहीला बघून त्यांनी सूप आपल्याकडे ओढलं, जणू सोलंही चोरीला जातील.

"आई, रविवारी देवळात कसे गेलात? कोण पुढे, कोण मागे?"

"आता वरात काढत्येस का माझी?"

"सांगा हो."

"माझे गुडघे काय चालतात? एक हात सानवीच्या खांद्यावर, एक वैष्णवीच्या. घरापासून देवळाच्या पायरीपर्यंत दोघींना सोडलं नाय. गुरुप्रसाद ताट घेऊन मागून."

"आत गेल्यावर?"

"गुरुप्रसादने ताट आप्पाकडे दिलं, गाऱ्हाणं घातलं. आम्ही हात जोडून उभ्या." यमुनाबाईंनी डोळे बारीक केले. "आप्पावर घालू नको हां. म्हाताऱ्याला घरचा दरवाजा दिसत नाय धड, पासपोर्ट काय चोरतो?"

"नाही घालत. पण त्यालाच एक विचारायचंय."

राही निघाली तेव्हा मागून सासूबाईंचा आवाज आला, "देवळात जाऊ नको, तिसरा दिवस आहे तुझा!"

४

राही पायरीखालीच उभी राहिली. आप्पा गुरव बाहेर नारळाच्या शेंड्या गोळा करत होता.

"आप्पा, रविवारी आमचं ताट तुमच्याकडे आलं. तुम्ही काय काय केलंत?"

"काय करणार? तू तिथूनच बोल, माझे कान चांगले आहेत." त्याने कंबर सरळ केली. "ताट देवीपुढे ठेवलं. खण काढला. चिमूटभर कुंकू टाकलं, अक्षता टाकल्या, सगळं त्याच खणात बांधलं नि गुरुप्रसादच्या ओंजळीत दिलं."

"मध्ये काही उचललंत? हलवलंत?"

"कशाला? देवीला का वस्तू पारखून घ्यायच्यात? वरूनच टाकतो मी कुंकू. चौघं समोर उभी होती, विचार त्यांना. चुकलं काय माझं?"

"नाही हो. तुमचं काहीच चुकलं नाही."

पण राही घराकडे वळली नाही. कारण सकाळपासून जे डोळ्यांपुढे होतं ते तिला आत्ता दिसलं.

वैष्णवीचा पासपोर्ट खाली होता. त्यावर बरोब्बर सानवीचा. म्हणजे आप्पाचं कुंकू पडायला हवं होतं सानवीच्या पासपोर्टवर. खालच्यावर कणही नको होता. छत्रीखालच्या माणसाचं डोकं भिजेल कसं? आणि आज खण उलगडला तेव्हा वैष्णवीच्या कव्हराच्या मधोमध कुंकू होतं.

ताट देवीपुढे आलं तेव्हा वरचा पासपोर्ट त्यात नव्हताच. गाभाऱ्याबाहेर हात जोडून उभ्या असलेल्यांना निळं कव्हर दिसलं, ते एक आहे की दोन हे कळणार कसं?

चोरी कपाटावरून झाली नव्हती, सोमवारी झाली नव्हती, घरात झाली नव्हती. ती झाली घर आणि गाभारा यांच्या मधल्या वाटेवर. त्या वेळी राही बाहेरची म्हणून घरी बसली होती. जिच्यामुळे तिच्यावर आळ आला, तीच गोष्ट तिला सोडवत होती.

त्या वाटेवर सासूबाईंचे दोन्ही हात सुनेच्या आणि नातीच्या खांद्यावर. त्या दोघी त्यांच्या काठ्या. आप्पाच्या हातांवर चौघांचे डोळे.

उरला एकच माणूस. ताट घेऊन मागून येणारा.

राहीला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तिला वाटलं, आपणच चोर निघालो असतो तर बरं होतं.

५

बंदरावर गुरुप्रसाद टेम्पोतून बर्फाच्या लाद्या उतरवत होता. बायकोला बघून त्याने हात पुसले.

"तू इथे कशी?"

"टेम्पोची कागदं बघायचीत. ज्या कप्प्यात ठेवता तो उघडा."

तो हसायला गेला, पण हसू आलं नाही. "काय बोलतेस?"

"कुंकू बोलतंय, मी नाही." आणि तिने सांगितलं. खाली कुठला, वर कुठला, कुंकू कुठे. सांगताना तिचा आवाज चढला नाही, उलट उतरत गेला.

गुरुप्रसादने बर्फावर गोणपाट ओढलं. मग टेम्पोचा कप्पा उघडून, विम्याच्या कागदांमागून निळा पासपोर्ट काढला आणि तिच्या हातात ठेवला.

"तो मालक सुटलाय तुरुंगातून," तो म्हणाला. "नितेशच बोलला. पोरीला तिकडे नेऊन काही झालं तर?"

"आणि तिच्या बापाला ते कळत नाही? तो बोलावतोय ना? आणि वैष्णवीला काही झालं तर चालेल, तिचा ठेवलात तो?"

त्याने टेम्पोचा कप्पा उगाचच बंद केला.

"खरं बोला. माझ्यापुढे तरी."

"मला नाय करमणार गो." त्याने टेम्पोच्या दारावर हात टेकला. "सायकल मी शिकवली तिला. डेंग्यू झाला तेव्हा रात्रंदिवस उशाशी मी. आणि तो फोनवर पाच मिनिटं दिसतो, तर 'पप्पा, पप्पा'. मी कोण? काका. तुला निदान मोठी आई तरी म्हणते. मत्सर काय तुझ्या एकटीच्या नावावर लिहिलाय?"

राहीने त्याच्याकडे नवीन माणूस बघावा तसं बघितलं. एवढी वर्षं एका घरात दोघं जळत होती. एकीचा धूर गावभर, आणि दुसऱ्याचा कुणाला वासही नाही.

"राही," तो जवळ आला, "राहू दे ना. वैष्णवी जाईल पुढे. पोर आपल्याकडे राहील. नवा पासपोर्ट, नवी तारीख, सगळं होईस्तोवर वर्ष-दोन वर्षं तरी जातील. कुणाला कळणार नाय."

राहीने पासपोर्ट उघडला. सानवी फोटोत ओठ मिटून, मोठी झाल्यासारखी बघत होती. वेण्या राहीनेच घातल्या होत्या. समोर पाणी होतं. हात नुसता सैल सोडला असता तरी पुरलं असतं. क्षणभर, खोटं कशाला, क्षणापेक्षा बराच जास्त वेळ, तिने तसा विचार केला. पोर शाळेतून येईल, दप्तर टाकेल, "मोठी आई, भूक" म्हणेल.

आणि मग कधीतरी तिला आठवेल की बापाला बघायचं राहिलं.

"कुणाला कळणार नाही, बरोबर आहे," राही म्हणाली. "कारण सगळ्यांना वाटतं मी घेतला. तुम्ही भले. तुमच्याबद्दल मांडवीत कोण काय बोलेल? मी जळकी. माझं जळणं सगळ्यांना दिसतं, तर तुम्ही त्याच्या आड जाऊन उभे राहिलात. सकाळी म्हणालात ना, 'घेतला असेल तर देईल'? चोरी मी माफ केली असती. ते नाही करणार."

"मग काय करू?"

तिने पासपोर्ट त्याच्या खिशात सरकवला.

"घरी चला. मी नाही द्यायची. तुम्ही द्यायचा, आणि तोंडाने सांगायचं. तुमच्या भावाने परक्या मुलखात, भाषा येत नसताना, मारणाऱ्या माणसासमोर उभं राहून सांगितलं. तुम्हाला आपल्या ओटीवर, आपल्या माणसांत, आपल्या भाषेत सांगायचंय. एवढं जमेल?"

"आईसमोर?"

"आईसमोरच. आणि नाही जमलं, तर मी सांगेन. मी काय, आधीच वाईट आहे."

६

दिवेलागणीला ओटीवर सगळी जमली. गुरुप्रसाद उभा राहिला. तीनदा घसा साफ केला. यमुनाबाई म्हणाल्या, "बोल रे, काय मंत्री आहेस का?"

"राहीने नाय घेतला," तो म्हणाला. "मी घेतला. देवळाच्या वाटेवर. आणि मग तुम्ही तिला बोलत होतात, तेव्हा मी गप्प बसलो. ते जास्त वाईट."

त्याने पासपोर्ट सानवीपुढे धरला. ती काकाकडे बघत राहिली आणि तिने तो दोन्ही हातांनी घेतला. यमुनाबाईंना काहीच समजेना.

"तू? का रे?"

का, हे सांगायचं तर मालक आला. मालक आला की तळघर आलं. गुरुप्रसादने वैष्णवीकडे बघितलं. तिने डोळे मिटून मान हलवली. मग त्याने सगळं सांगितलं, पोरीसमोर, आईसमोर. कंपनी गेली, पेढे गेले, उरला नितेश.

यमुनाबाईंनी विचारलं ते एवढंच:

"हात कुठला भाजला?"

"डावा," वैष्णवी म्हणाली.

"डावा," म्हातारीने मान डोलावली, आणि स्वतःचा डावा हात उजव्याने चोळत राहिली. "वैष्णवी, तुझ्या बॅगेत जागा कर. खोबरेल देते घाण्याचं. आणि आळीत कुणी विचारलं तर सांगा. माझ्या मुलाने साक्ष दिली म्हणून व्हिसा मिळाला. कंपनी नि बिंपनी नाय."

रात्री बॅग भरताना वैष्णवी राहीच्या मागे येऊन उभी राहिली.

"वहिनी, मी तुमच्यावर..."

"घेतलास संशय. मीही घेतला असता. मी जळत्ये हे काय खोटं आहे?"

"अजून?"

"आत्ता तर जास्तच. विमानात ती तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपणार." राहीने स्वेटरची घडी दाबून बसवली. "तिला झोपेत तोंड उघडं ठेवायची सवय आहे. बघ, थंडी आहे तिकडे."

पहाटे गाडी दाराशी आली. गुरुप्रसादने बॅगा चढवल्या, सानवीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग त्याला तिथे उभं राहवेना. तो विहिरीकडे गेला. सानवी खिडकीशी बसली. राहीने दार लावलं.

"नीट लागलं नाही ताई," ड्रायव्हर म्हणाला.

राहीने दार उघडलं. पोर हाताच्या अंतरावर होती. तिने तिची ओढणी आत सारली, आणि दार पुन्हा लावलं. या वेळी जोरात.